परदेशांतील विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकवितांना

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका शिक्षिकेनें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली तेव्हां प्रथम मीं ती नाकारली होती. व्याख्यान देण्याचा अधिकार विद्वानांचा. मी पडलें एक साधी शाळामास्तरीण. परंतु आपल्या फादरांनीं मला बोलावून सांगितलें कीं, "या वर्षीं आपल्या मंडळींतील चार-पांच तरुण-तरुणी परदेशीं इंग्रजी शिकविण्याच्या नोकऱ्या धरण्याच्या विचारांत आहेत. तुम्ही दोन वर्षें राहून आलांत. तेव्हां बरें काय आणि वाईट काय तें त्यांस सरळ सांगा." सरळ सांगणें एवढेंच काम असेल तर तें मला जमण्यासारखें आहे, म्हणून मी येथें उभी आहें.

माझा जन्म साताऱ्याचा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं. आणि लग्न होऊन आलें ती सांगलीस. फार लांब आलें असें नाहीं. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन खालचा भाग दक्षिण सातारा झाला व १९६० सालीं त्यालाच सांगली जिल्हा हें नांव मिळालें. माझ्या सासूबाई रागावल्या म्हणजे आपलेंहि माहेर "साताऱ्यांतलेंच" असल्याचें मला अजून बजावतात. माझे आजोबा नगरकडचे, मिशनच्या खेड्यांतील शाळेंत मास्तर. त्या काळचा मिशनचा मास्तर म्हणजे सकाळीं प्रार्थना सांगणारा, दुपारीं मुळाक्षरें गिरवून घेणारा आणि रात्रीं गांवकऱ्यांचीं पत्रें वाचून दाखविणारा मनुष्य. वडील साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या छत्रपति शिवाजी महाविद्यालयांत कमवा व शिका योजनेंत शेताला पाणी देत देत शिकले व तेहि शिक्षकच झाले. तेव्हां शिकविणें ही आमच्या घरची संवय होती. मात्र इंग्रजी कोणाच्याच जिभेवर नव्हतें.

मला तें आलें तें सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत. १९१९ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें काढलेल्या या महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य विनायक कृष्ण गोकाक हे कानडीचे मोठे कवि. तेच पुढें हैदराबादेच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेचे संचालक झाले. १९५८ सालीं निघालेली ती संस्था आतां विद्यापीठ असून आशिया-आफ्रिकेंतील अनेक देशांचे विद्यार्थी तेथें इंग्रजी शिकावयास येतात. याहूनहि जुनी गोष्ट सांगावयाची तर १८७८ सालीं विलायतेस जाण्यापूर्वीं सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरीं येऊन राहिले, तें इंग्रजी बोलणें व चालीरीति अंगवळणीं पडाव्या म्हणून. आणि त्यांना शिकविण्याचें काम केलें तें डॉक्टरांच्या कन्येनें, अन्नपूर्णाबाईंनीं. तेव्हां "मराठी मनुष्य काय परक्यांस इंग्रजी शिकविणार?" असें जे हंसून विचारतात त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. मलाहि तसें विचारणारे पुष्कळ भेटले. खरें सांगावयाचें तर सर्वांत आधीं तें मींच मला विचारलें होतें.

आतां मी गेलें कां, तें सांगतें. हौसेनें गेलें नाहीं. बी.एड. झाल्यावर मी एका विनाअनुदानित शाळेंत सात वर्षें शिकविलें. अनुदान येईल या आशेवर दरवर्षीं जून उजाडे आणि त्याच आशेवर मे संपे. हातांत पडे त्यांतून येण्याजाण्याचें भाडेंहि कधीं सुटत नसे. अनुदानित जागा मिळाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून ठरीव मानधनावर काढावीं लागतात. माध्यमिक शाळेचें तें मानधन २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये झालें. त्यापूर्वीं तें ८,००० होतें. त्या जागेसाठींहि किती उमेदवार उभे असतात हें येथील तरुणांस मीं सांगावयास नको. त्यांत ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, तेव्हां आमचें घर छपरापर्यंत बुडालें. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां आलें. यजमान हळदीच्या पेढीवर कारकून. भिंती उभ्या करण्यास जें कर्ज काढलें त्याचा हप्ता कोठून भरावा, हा प्रश्न रोज जेवणाच्या पानावर वाढलेला असे.

अशा वेळीं मालदीवमध्यें इंग्रजीच्या शिक्षकांची जागा आहे असें कळलें. पहिला भेटला तो एक दलाल. त्यानें दीड लाख रुपये मागितले व पावती देण्याचें नांव काढलें नाहीं. येथें बसलेल्या आईबापांनीं एक गोष्ट लिहून ठेवावी: परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें सरकारांत नोंदणी करावी लागते आणि त्यानें उमेदवाराकडून घ्यावयाचें शुल्क, कर वगळून, ३०,००० रुपयांपेक्षां अधिक असूं नये असा नियम आहे. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पाहतां येतो. मीं तो मागितला. त्यानंतर दलालमहाशयांनीं माझा फोन उचलला नाहीं. पुढें जाहिरात पाहून मीं स्वतःच अर्ज केला, संगणकाच्या पडद्यावर मुलाखत दिली, आणि पदवीवर शिक्के मिळविण्यासाठीं मुंबईस तीन खेपा घातल्या. करारपत्र आलें त्या दिवशीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. माझा मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता.

मालदीव हा देश म्हणजे समुद्रांत विखुरलेलीं सुमारें बाराशें बेटें. त्यांपैकीं दोनशेंच्या आंतबाहेर बेटांवर वस्ती आहे. माझें बेट दक्षिणेकडचें. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत गेलें तर पाऊण तास पुरे. डोंगर नाहीं, नदी नाहीं, गाईचें हंबरणें नाहीं. सातारच्या मनुष्याला क्षितिजावर एखादा तरी डोंगर लागतो; तेथें चारी बाजूंनीं पाणीच. घड्याळ मात्र आपल्यापेक्षां अर्धाच तास मागें, त्यामुळें सांगलीस आतां काय चाललें असेल याचा हिशेब मन सारखें करीत राही.

शाळेंतील बहुतेक विषय इंग्रजींतून. राजधानी मालेंत १९६० च्या सुमारास हें सुरू झालें व पुढें बेटोबेटीं पसरलें. शेवटीं मुलें केंब्रिजच्या परीक्षेस बसतात. म्हणून बाहेरचे शिक्षक लागतात आणि त्यांत आपल्या देशाचे पुष्कळ असतात. मजपूर्वीं त्या वर्गाला केरळचे एक गृहस्थ, तामिळनाडूच्या एक बाई आणि एक सिंहली शिक्षक शिकवून गेले होते.

पहिल्या दिवशीं आठवीच्या वर्गांत मीं एका मुलीला मोठ्या अदबीनें इंग्रजींत विचारलें, "आपलें शुभ नांव काय?" मुलीनें मैत्रिणीकडे पाहिलें. नांवांत शुभ आणि अशुभ असें काय असतें हें तिला कळेना. आपल्या मराठी-हिंदींतील आदर मीं शब्दशः इंग्रजींत उतरविला होता आणि तो इंग्रजी जाणणाऱ्या मुलीलाहि इंग्रजी वाटला नाहीं. मागच्या बांकावरून एका मुलानें, उद्धटपणें नव्हे, खरोखरच जाणून घ्यावें म्हणून विचारलें, "मिस, सर्व शिक्षक निरनिराळे उच्चार सांगतात. खरें इंग्रजी कोणाचें?" मीं उत्तर दिलें, "पुस्तक काढा." हें उत्तर नव्हे हें त्यालाहि कळलें आणि मलाहि.

त्यानंतरचे दोन महिने मी अगदीं वाईट शिकविलें. सांगलीस माझे निकाल चांगले लागत. मग येथें काय बिघडलें? विचार केल्यावर उमगलें कीं सांगलीस मी इंग्रजी शिकवीतच नव्हतें. मी इंग्रजीचें मराठी करून सांगत होतें. वाक्य वाचावें, अर्थ मराठींत सांगावा, उत्तर फळ्यावर लिहावें, मुलांनीं तें पाठ करावें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आपल्या घरांत याहून वेगळी रीति कोणास ठाऊक? त्या पाठमालेचे उपकार मोठे आहेत; तिच्यावांचून माझ्यासारखीला इंग्रजीचा उंबरठा दिसता ना. पण बेटावर माझी मराठी कोणास समजणार? पाठीमागची भिंतच काढून घेतल्यासारखें झालें. मग मी काय केलें, तर इंग्रजीचा अर्थ इंग्रजींतच आणि अधिक मोठ्यानें सांगूं लागलें. विषयप्रमुख बाई तेथीलच, वयानें मजपेक्षां लहान. एके दिवशीं त्या मागें येऊन बसल्या, आणि तास झाल्यावर हातांतला कागद मजपुढें ठेवला. पस्तीस मिनिटांच्या तासांत एकतीस मिनिटें मीं बोललें होतें. उरलेल्या चारांत बावीस मुलें.

त्या रात्रीं मीं नोकरी सोडण्याचें पत्र लिहिलें. करार मोडला तर परतीचें भाडें पदरचें; म्हणून पत्र तसेंच वहींत राहिलें. धैर्यानें टिकलें असें मी म्हणणार नाहीं.

मला फादर स्टीफन्स आठवले ते त्याच दिवसांत. आपण त्यांचें नांव ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून घेतों. त्या रात्रीं मला त्यांची दुसरीच बाजू दिसली. १५७९ सालीं तिशीच्या घरांतला हा इंग्रज गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हां त्याला येथील भाषेचा एक शब्द येत नसला पाहिजे. त्यानें लोकांना इंग्रजी शिकविण्याचा घाट घातला नाहीं. तो स्वतः शिकावयास बसला, इतका कीं १६१६ सालीं त्याचें मराठी पुराण राचोलच्या छापखान्यांतून बाहेर पडलें, आणि त्यानें लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं तेथेंच छापलें गेलें. भारतांतील भाषेचें पहिलें छापील व्याकरण तें हेंच. असा मनुष्य आमच्या भाषेंत आधीं विद्यार्थी झाला, आणि मी मात्र दोन महिने दुसऱ्यांच्या बेटावर राहून दुकानदाराला साखर सुद्धां इंग्रजींत मागत होतें!

दुसऱ्या दिवशीं मीं आठवीच्या मुलांना सांगितलें, "रोज शेवटचीं पांच मिनिटें तुम्ही शिक्षक आणि मी विद्यार्थिनी. मला तुमची धिवेही शिकवा. मात्र इंग्रजींतून." बांधवहो, तो वर्ग त्या दिवशीं प्रथम बोलला. चूक काढण्यांत मुलांना जो आनंद असतो तो आपण शिक्षक लोक किती कृपणपणें आपल्याजवळच ठेवतों! माझा उच्चार चुकला कीं बावीसहि जणें तो सुधारीत, आणि सुधारतांना इंग्रजी वाक्यें बोलत. त्यांत काळ चुके, वचन चुके, पण बोलत.

माझ्या नवलाची गोष्ट पुढेंच आहे. मी अंक शिकूं लागलें. शेवटचा "एह्" हा प्रत्यय सोडला तर तीनाला "तिन्", नवाला "नुव" आणि दहाला "दिह". मीं खडू खालीं ठेवला. हें तर आपलेंच! मासा म्हणजे "मस". पाणी म्हणजे "फेन". कारण त्या भाषेंत जुन्या "प" चा "फ" झाला आहे. मग पुस्तकाला काय म्हणत असतील? "एक पुस्तक" म्हणजे "फोतेह्". आपल्या पोथीची ती सख्खी चुलतबहीण. सिंहली, मराठी आणि धिवेही या तिन्ही एकाच आर्यकुळांतल्या. ग्रंथांत हें सर्व लिहिलेलें आहे, पण मला तें वर्गांत तेरा वर्षांच्या मुलांनीं सांगितलें. लिपि मात्र अगदीं निराळी. तिला थाना म्हणतात, ती उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिचीं पहिलीं नऊ अक्षरें अरबी अंकांवरून घेतलेलीं आहेत. ती गिरवूं लागलें तेव्हां मला समजलें कीं माझ्या विद्यार्थ्यांची नजर इंग्रजीच्या तासाला रोज उलट दिशेला वळत असते, आणि हळू वाचणाऱ्या मुलाला मी जो आळशी समजत होतें तो आळशी नव्हता.

तो "एह्" प्रत्यय तर मला फारच उपयोगी पडला. इंग्रजींत नामामागें जें "ए" किंवा "ॲन" येतें तें आपल्या मराठी मुलांस जन्मभर छळतें, कारण आपल्याकडे तसें कांहीं लावावें लागत नाहीं. धिवेहींत कोणतीहि एक अनिश्चित वस्तु सांगतांना नामाच्या शेवटीं "एह्" लागतो. मीं फळ्यावर एवढेंच मांडलें: तुम्ही शेंपटीला लावतां तें इंग्रज डोक्याला लावतो. एका तासांत तें काम झालें. सांगलीस त्यासाठीं मला एक वर्षहि पुरलें नसतें. आणखी एक गंमत: "अटॉल" हा इंग्रजी शब्द, म्हणजे कंकणाकृति प्रवाळबेटांची माळ, मूळचा धिवेहीच. हें ऐकून तो मागच्या बांकावरचा मुलगा म्हणाला, "म्हणजे इंग्रजांनीं आमचा एक शब्द घेतला आहे." त्यानंतर खऱ्या इंग्रजीचा प्रश्न त्यानें पुन्हां काढला नाहीं.

अशा शिकविण्याला शास्त्र आहे, आणि त्यांतील बरेंचसें आपल्याच बाजूला जन्मलें, हें मला मागाहून कळलें. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकानें बंगाल्यांत, डाक्क्यास, मुलांना थोडक्या निवडक शब्दांत वाचावयास देण्याची पद्धति बसविली. त्यानें १९५३ सालीं सिद्ध केलेली सुमारें दोन हजार शब्दांची यादी पुढें जगभर वापरली गेली. आणि एन्. एस्. प्रभु यांनीं १९७९ पासून पांच वर्षें बंगळूर व मद्रासकडील साध्या शाळांतून एक प्रयोग केला. त्यांचें म्हणणें असें कीं व्याकरणाचे धडे पुढें न करतां मुलांसमोर एखादें खरें कोडें, नकाशा किंवा वेळापत्रक ठेवावें. मन अर्थाकडे लागलें म्हणजे भाषा मागून येते. आतां परदेशांतील शिक्षक-अभ्यासक्रमांत हें नांव आदरानें घेतात. आमच्या बी.एड.च्या वर्गांत मीं तें ऐकल्याचें मला आठवत नाहीं. कदाचित् त्या दिवशीं मी गैरहजर असेन.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता, कोळ्याचा. नांव सांगत नाहीं. वर्षाच्या सुरुवातीपासून त्यानें "येस मिस" यापलीकडे शब्द उच्चारला नव्हता. मीं एकदां सर्वांना सांगितलें, "मला जें मुळींच येत नाहीं असें एखादें काम मला समजावून द्या." हा उठला. मालदीवचे कोळी मोठा टूना मासा जाळ्यानें धरीत नाहींत. आधीं लहान जिवंत मासे आमिषाला गोळा करतात, ते समुद्रांत उधळतात, आणि वेळूसारख्या काठीला लावलेल्या गळानें एकेक टूना उचलून होडींत टाकतात. त्यानें काठी म्हणून माझी फूटपट्टी घेतली. गळाला अणकुची उलटी कां नसते, मासा आपोआप सुटून होडींत कसा पडतो, होडीच्या मागून पाण्याचे फवारे कां मारतात, हें सारें त्यानें सांगितलें. क्रियापदें वेडींवांकडीं होतीं. मीं एकहि सुधारलें नाहीं, कारण मला पुढें काय झालें तें ऐकावयाचें होतें. तो बसल्यावर वर्गानें टाळ्या वाजविल्या नाहींत; त्यांना त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं, मासे तर सगळेच धरतात. मी मात्र शिक्षकांच्या खोलींत जाऊन वहींतलें तें पत्र फाडलें.

आतां दुसरी बाजू. ती न सांगणें म्हणजे तुम्हांस फसविणें होईल.

मालदीव हें इस्लामी राज्य असून तेथील कायद्याप्रमाणें अन्य धर्माची जाहीर उपासना करतां येत नाहीं; देशांत चर्च नाहीं. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवार हा शाळेचा पहिला दिवस. गुड फ्रायडेला तेवढी सुट्टी आपोआप मिळे! ईस्टरच्या सकाळीं मात्र, तुम्ही येथें मिस्साला उभे होतां तेव्हां, मी हजेरी घेत होतें. माझ्याशीं तेथें कोणीहि वाईट वागलें नाहीं. रमजानांत शेजारीण रोज संध्याकाळीं ताट पाठवी, आणि मीं नेलेले सातारचे कंदी पेढे तिच्या मुलांनीं एका बैठकींत संपविले. तरी दोन वर्षें ख्रिस्तप्रसादावांचून राहणें ज्याला जमणार नाहीं त्यानें सही करण्यापूर्वींच तसें ठरवावें, तेथें जाऊन देशाला दोष देऊं नये. कॅनडाचे जेझुइट फादर विल्यम मॅके १९६३ सालीं भूतानांत गेले ते शाळा काढण्यास. तेथेंहि धर्मप्रसाराला वाव नव्हता. त्यांनीं तीस वर्षें शाळाच चालविल्या, आणि १९९५ सालीं तेथेंच देह ठेवला. मी कांहीं फादर मॅके नव्हे. माझा करार दोन वर्षांचा होता आणि हिशेब पैशाचा होता.

पैशाविषयीं. पगार येथल्यापेक्षां कितीतरी अधिक, राहण्यास खोली. पण तो रुफियांत मिळतो, आणि घरीं पाठविण्यास डॉलर लागतात. त्या छोट्या देशांत डॉलरची टंचाई असते. बँक ठराविक मर्यादेबाहेर पाठवूं देत नाहीं, आणि बाहेरचा भाव महाग. पगाराचा आंकडा पाहून घरीं कर्जफेडीचें गणित मांडूं नका. हातीं पडून सांगलीस पोंचेल तो आंकडा धरा. माझें गणित याच ठिकाणीं चुकलें.

कोणी विचारतात, घरीं बसून संगणकावरून परदेशच्या मुलांस शिकवितां येणार नाहीं काय? येईल, आपल्या शहरांतूनहि कांहीं जण शिकवितात. पण त्याचा भरंवसा किती, तें २०२१ सालीं दिसलें. चीनच्या सरकारनें शिकवण्यांवर निर्बंध घालतांना देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून तेथील मुलांस शिकविण्यास बंदी केली, आणि निरनिराळ्या देशांतील हजारों शिक्षकांचें काम एका फटक्यांत गेलें. दक्षिण कोरियासारख्या देशांत इंग्रजी शिक्षकाचा परवाना इंग्रजी ही जन्मभाषा मानलेल्या सात देशांच्या नागरिकांसच देण्याची रीति आहे. २०१० पासून अंमलांत आलेल्या करारानें भारतीय शिक्षकांस तेथील शाळांत साहाय्यक म्हणून एक अरुंद वाट मिळाली एवढेंच. तुमचें इंग्रजी कितीहि शुद्ध असो, पुष्कळ ठिकाणीं आधीं पासपोर्टचा रंग पाहतात. मला याचा राग येतो, आणि तो लपविण्याचें मला कारण दिसत नाहीं.

आणि शेवटीं माझा मुलगा. पहिले सहा महिने तो फोनवर रोज विचारी, "आई, कधीं येणार?" पुढें तो विचारीनासा झाला. मला वाटलें, शहाणा झाला. सुट्टींत घरीं आलें तेव्हां रात्रीं पाणी मागतांना त्यानें झोपेंत हांक मारली ती आजीला, आणि "आई" म्हणून मारली. सासूबाईंनीं पाण्याचा तांब्या उचलला, मजकडे पाहिलें, आणि तो माझ्या हातांत दिला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. या माउलीनें दोन वर्षें माझा संसार सांभाळला, आणि तिचें नांव कोणत्याहि करारपत्रावर नाहीं.

मी पुन्हां जाणार आहें काय, असें येतांना दारांत दोघां-तिघांनीं विचारलें. होय, एक वर्षासाठीं. कर्जाचा सुमारें तिसरा हिस्सा अजून बाकी आहे, आणि ती आठवी आतां दहावींत जाऊन केंब्रिजच्या परीक्षेस बसावयाची आहे. हें मीं मुलाला समोर बसवून सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला त्यांचे अंक शिकव." आतां त्याला दहापर्यंत येतात, "नुवएह्" म्हणतांना मी चुकतें असें त्याचें म्हणणें आहे. निघण्याच्या दिवसापर्यंत दर शनिवारीं सायंकाळीं पांच वाजल्यापासून मी चर्चच्या खालच्या खोलींत बसेन. ज्यांना परदेशच्या नोकरीचें पत्र आलें असेल त्यांनीं तें पत्र, करारपत्राची पूर्ण प्रत आणि दलाल असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक घेऊन यावें. पैसे भरून झाल्यावर येऊं नये, त्यापूर्वीं यावें. उजळणीसाठीं माझा मुलगाहि तेथेंच असेल.